गाड्या ओळखणारा वसंत

वसंत गेला त्याला आता सहा आठवडे झाले. थळला माझ्या घरी दुपारी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा रेवदंड्याहून भावजयीचा, सुनंदाचा, फोन आला. "ताई, हे उठत न्हायत," एवढंच ती म्हणाली आणि फोन कुणा शेजारणीच्या हातात गेला. जेवून जरा आडवा झाला होता माझा भाऊ, तो तसाच राहिला. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रिक्षाने रेवदंड्याला जाताना मला रडू आलं नाही. मी मनाशी वर्षं मोजत होते. छप्पन्न वर्षांच्या भावापैकी दीड वर्ष मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते... ते दीड वर्ष आता कुठून आणायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

लोकांना तो बर्फाच्या कारखान्यातला वसंत म्हणून माहीत. बोटींना लागणारा बर्फ पाडणारी यंत्रं त्याने तीस वर्षं सांभाळली. पण घरच्यांसाठी तो चित्रं ओळखणारा वसंत होता. आमची आई सुकी मासळी विकायची, आणि सुकट बांधून द्यायला घरात रद्दीचे गठ्ठे असायचे. त्या रद्दीतून रणगाडे, विमानं, तोफा, लढाऊ जहाजं यांची चित्रं तो कापून घ्यायचा आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पुढे पुढे वह्यांत, खळीने चिकटवायचा. खाली नाव लिहायचा. नाव कळलं नाही तर चार-चार महिने त्या चित्रामागे लागायचा. मी डी.एड. करायला अलिबागला होते, तेव्हा तिथल्या वाचनालयातून काय काय शोधून आणायला सांगायचा. कॅलेंडरांना सुकटीचा वास यायचा आणि त्यावर मांजरी येऊन बसायच्या.

बारावीनंतर तो नौदलाच्या भरतीला गेला. धावला, पोहला, सगळ्यात पास झाला, आणि डोळ्यांच्या तपासणीत त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही हे निघालं. तोवर आमच्या कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. घरी आला आणि आईला म्हणाला, मला रंग कळत न्हायत, म्हणून मी आकार बघतो. त्यानंतर भरतीचं नाव त्याने काढलं नाही, चित्रं मात्र सोडली नाहीत. एकदा मी विचारलं, सगळे रणगाडे सारखेच तर दिसतात, तुला कसं कळतं? त्याने मला शेजारी बसवून दोन चित्रं दाखवली. दोन्हींना पाच-पाच चाकं. एकात पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये जास्त जागा सोडलेली, दुसऱ्यात ती जागा मागच्या चाकांमध्ये. बस, एवढाच फरक. "माणसाची चाल बघून लांबनं ओळखतेस ना, तसंच," तो म्हणाला.

माझा मुलगा प्रवीण या मामाच्या मांडीवरच वाढला म्हणायला हरकत नाही. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. मी शाळेत शिकवायची, आणि सुट्टी लागली की प्रवीण रेवदंड्याला. मामा चित्राचा निम्मा भाग हाताने झाकायचा आणि भाच्याने उरलेल्या भागावरून नाव सांगायचं. प्रवीण चुकला की मामाला आनंद व्हायचा, कारण मग पुन्हा सगळं समजावून सांगता यायचं. त्याला मूल नव्हतं... हे मी त्या काळात फारसं मनावर घेतलं नाही, आता घेते. प्रवीण फौजेत वाहनचालक म्हणून भरती झाला, तेव्हा वसंतने आळीभर पेढे वाटले. मला मात्र त्या पेढ्याचा घास गिळवला नव्हता.

प्रवीणची नेमणूक उत्तरेकडे डोंगरात झाली. बिघडलेल्या, दरीत घसरलेल्या गाड्या ओढून काढणारी मोठी क्रेनची गाडी तो चालवायचा. फोनवर मामाला अभिमानाने सांगायचा, की आमच्या तुकडीत असली एकच गाडी हाय आणि ती माझ्याकडे हाय.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला वसंत अचानक माझ्या दारात उभा राहिला. माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, पण तो मधल्या वारी कारखाना सोडून आलेला. मी विचारलं, तर म्हणाला, सहज आलो, दोन दिवस झाले तुझी आठवण येत होती. आल्या आल्या त्याने डोकं दुखतंय म्हणून टीव्ही बंद करायला लावला. मी बोंबलाचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या. तो जेवला, आणि मलाही समोर बसवून जेवायला लावलं. आणखी अर्धी घे, आणखी अर्धी घे, असं करत त्याने मला दोन भाकऱ्या खायला घातल्या. मग कौलं कधी चाळायची, विहिरीचं पाणी मचूळ का लागतंय, असल्या गोष्टी काढत राहिला. मी हसून म्हटलंसुद्धा, की आज तुला बोलायचा झटका आलाय. अडीच वाजता फोन वाजला. पलीकडचे साहेब हिंदीत बोलत होते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वसंत माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, आणि माझे पाय गेले तेव्हा त्याचे हात आधीच तिथे होते. रस्ता खचून गाडी दरीत गेली होती. प्रवीण एकटाच होता तीत.

महिन्याभराने सुनंदाच्या बोलण्यात सहज आलं. त्या दिवशी हे सकाळी बातम्या बघत होते, दरीत पडलेली गाडी दाखवली, हे उठले, वहीत काहीतरी खरडलं आणि चहा तसाच टाकून निघाले. मला क्षणभर काही कळेना. मग सगळं कळलं. बातमीत फक्त फौजेचं वाहन म्हटलं होतं. बघणाऱ्यांना तो चेपलेल्या पत्र्याचा गोळा दिसला असेल. माझ्या भावाला त्यातून वर आलेला क्रेनचा दांडा दिसला होता.

मी त्याला समोर उभं करून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय, बाय."

"आणि तू माझ्या घरी जेवलास?"

"तू जेवावंस म्हणून जेवलो. नंतर तू किती दिवस जेवणार न्हायस, ते मला दिसत होतं."

आज हे लिहिताना त्या उत्तराची किंमत मला कळते. तेव्हा कळली नाही. माझं पोर दरीत होतं आणि मी तीन तास कौलांच्या गप्पा मारत होते, हसले होते, हे मला सहन होईना. यानेच पोराला नादाला लावलं, असंही मी बोलले. त्यानंतर दोन भाऊबीजा मी त्याला ओवाळलं नाही. दोन्ही वेळा तो आला, ओट्यावर बसला, सुनंदाने दिलेला फराळाचा डबा दाराशी ठेवला आणि परत गेला. सगळी कॅलेंडरं, वह्या त्याने बांधून माळ्यावर टाकल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेही लिहायला हवं.

मग प्रवीणच्या तुकडीतला एक जवान सुट्टीवर गावी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आला. त्याने एक फोटो दिला. प्रवीण त्या गाडीला टेकून उभा, कानटोपी घातलेला, मागे बर्फ. तो फोटो मी आठ दिवस पाहत होते. मुलाचा चेहरा मला पाठ होता. ती गाडी मला परकी होती, आणि त्याचा शेवट तिच्यात झाला होता. ती समजावून सांगणारा माणूस जगात एकच होता. नवव्या दिवशी मी रेवदंड्याला गेले, फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मला ही गाडी सांग.

त्याने हात पुसले आणि फोटो घेतला. किती चाकं, वजन किती ओढते, दांडा कसा फिरतो, सगळं हळूहळू सांगितलं. चालक बसतो ती जागा बोटाने दाखवली. मी विचारलं, इतक्या बर्फात त्याला थंडी वाजत असेल का? तो म्हणाला, "इंजिन पायापाशीच असतं, बाय. बाकीचे काकडतात, पण ही गाडी चालवणाऱ्याचे पाय गरम राहतात." मग आम्ही दोघं रडलो. पहिल्यांदाच, एकत्र.

त्यानंतर माळ्यावरचा गठ्ठा खाली आला. आठ वर्षं मी दर रविवारी जायची आणि आम्ही चित्रं बघायचो. मला कधीच फार जमलं नाही. चुकले की तो खूश व्हायचा.

परवा सुनंदाने त्याच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. आता यांचं काय करायचं, म्हणून विचारत होती. प्रत्येक पानावर चित्र, तारीख आणि खाली नाव, त्याच्या त्या तिरप्या अक्षरात. चाळता चाळता, रविवारी त्याने माझ्यापुढे कधीच न काढलेल्या एका वहीत, प्रवीण गेला त्या दिवसाची तारीख समोर आली. पेन्सिलीने घाईघाईत काढलेलं चित्र होतं, टीव्हीवर जे दिसलं त्याचं. पत्रा, दगड, वर आलेला दांडा. नावाच्या जागी लिहिलं होतं, "खात्री नाही." त्याखाली पुन्हा, "खात्री नाही. अशा गाड्या दुसऱ्या तुकड्यांकडे पण असतात." आणि पानाच्या अगदी तळाशी, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून, तिसऱ्यांदा तेच दोन शब्द.

म्हणजे बसमध्ये बसताना, माझ्या दारात उभं राहताना, ती भाकरी मोडतानाही तो स्वतःशी झगडत होता. आयुष्यभर जे चुकू नये म्हणून धडपडला, ते त्या दिवशी तरी चुकावं म्हणून. मी विचारलं तेव्हा हे सांगून त्याला सुटता आलं असतं. तो फक्त व्हय म्हणाला.

ती वही मी मागून घेतली आहे.