झाडूखालचा पारा

कारखान्यातली मांजर म्हातारी झाली म्हणून धडपडते, असं थर्मामीटरच्या कारखान्याचा मालक म्हणत होता. काच फुंकणारा म्हणत होता, पाऱ्यानं धडपडते. दाराआड झाडू घेऊन उभी असलेली कारखान्याची झाडणारी बाई, म्हणजे काच फुंकणाऱ्याची थोरली भावजय, कान टवकारून ऐकत होती. मालकानं लहानपणी पाऱ्याचा मणी गिळला होता म्हणे, तो दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा बाहेर पडला. मग त्याला कुठे काय झालं? त्यावर दीर म्हणाला, "मालक, पाऱ्यासोबत अक्कलही बाहेर पडली असेल."

मांजर महिन्याभरात गेली. दोन वर्षांत दिराचे हात थरथरायला लागले. कपातला निम्मा चहा बशीत. दारात आलेल्या प्रत्येकाची टोपी उडवणारा माणूस आता पाहुणा दिसला की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. घरात कुणी म्हणालं वय, कुणी म्हणालं चोरून पितो. भावजयीच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. मालक पारा गिळून टुणटुणीत, आणि मांजरीनं तर मणी हुंगलाही नव्हता. ती नुसती कारखान्यातल्या शेगडीजवळ झोपायची, दिराच्या बाकाशेजारी. हात पुरते जाण्याआधी दिराला वाचवायचं तर हे कोडं सुटायला हवं होतं.

ते घेऊन ती दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या हसल्या नाहीत. गिळलेला मणी बहुतेक तसाच निघून जातो, खरी चोर त्याची वाफ, असं त्यांनी सांगितलं. तिला ना रंग ना वास. श्वासातून रक्तात, रक्तातून थेट मेंदूत. तिथल्या पेशींना धाग्यांसारखे लांब हात असतात, त्यांनी त्या एकमेकींना निरोप देतात. त्या हातांच्या आत बारीक काड्यांची बांधणी असते. पारा नेमका तिला चिकटतो. बांधणी सुटली की हात आखडतो आणि निरोप वाटेतच राहतो. उंदीर, मांजर, माणूस, पिल्लांना दूध पाजणाऱ्या साऱ्यांची घडण इथं सारखीच.

"सांडलेला पारा काढतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच. रोज झाडूनं. कणभर राहू देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. झाडूनं एका मण्याचे शंभर होतात, फटींत बसतात आणि शेगडीच्या उबेनं आणखी वाफ सोडतात.

वीस वर्षं त्या लख्ख फरशीचा तिला केवढा तोरा होता. घरी येऊन ती दिराला म्हणाली, "भाऊजी, मीच झाडून झाडून तुमच्या नाकात घातला हो."

तो म्हणाला, "वहिनी, झाडलं नसतं तर त्यावरून घसरून केव्हाच मेलो असतो."

दुसऱ्या दिवशी तिनं मालकापुढे कोरा कागद ठेवला आणि सही करायला सांगितलं. शाईत बुडालेला मुंगळा चालावा तशी सही उमटली. "मालक, मणी बाहेर पडला, वाफ आतच आहे," ती म्हणाली. आठवड्याभरात शेगडी बाहेर गेली, खिडक्या उघडल्या, झाडूला बंदी झाली. सांडलेला पारा ड्रॉपरनं ओढून, वाफ सुटू नये म्हणून पाणी घातलेल्या बंद बाटलीत जाऊ लागला. दीर लांबच्या खोलीत खोकी बांधायला बसला. हात बरेचसे सावरले, पुरते नाही. थट्टा मात्र सगळी परत आली, घरच्यांना नको इतकी.

लघवीत पारा किती उतरतो ते कळावं म्हणून कामगारांच्या बाटल्या दर महिन्याला तीच दवाखान्यात नेऊ लागली, काम सुटल्यावरही. मरणाच्या चार दिवस आधीसुद्धा गुडघे धरत गेली. बाटल्या टेबलावर मांडल्या, झाकणं घट्ट आहेत ना बघून घ्या म्हणाली, पुढच्या महिन्याच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि जिना उतरली.