सुभेदारांचा ट्रक आणि दोन रबरं

सुभेदारांनी ब्रेकवरून पाय काढला, तरी ट्रक हलेना. त्यांनी ॲक्सिलेटर दिला. इंजिन ओरडलं, गाडी जागच्या जागी थरथरली आणि बंद पडली. आम्ही मंगळवेढा रोडच्या उड्डाणपुलाच्या चढावर, अगदी मध्यात उभे होतो. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या मागे बस. बसच्या मागे काय होतं ते दिसत नव्हतं, पण हॉर्न ऐकू येत होते.

"मिस्त्री, पाय काढलाय मी," सुभेदार म्हणाले. "बगा की खाली."

मी बघितलं. पाय खरंच बाजूला होता. पेडलही वर आलेलं होतं. आणि पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता.

तारीख होती चोवीस जानेवारी, आणि आम्ही गाडीची चाचणी घ्यायला बाहेर पडलो होतो. सव्वीसला हा ट्रक सुभेदारांच्या गावात, वेशीपासून शाळेपर्यंत उतरणार होता. दोन्ही बाजूंना शाळेची पोरं उभी राहणार होती आणि स्टिअरिंगवर सुभेदार असणार होते.

मी बनसोडे. सोलापुरात तीस वर्षं ट्रकचं गॅरेज चालवतो. ब्रेकचं काम असलं की लोक लांबून माझ्याकडे येतात, आणि याचा मला थोडा माजही आहे. ट्रक म्हणाल तर फौजेचा, जुना, तीन टनी. लिलावात निघाला, एका वीटभट्टीवर राबला आणि मग तिथंच बाभळीखाली सडत पडला. सांगोल्याकडच्या एका गावानं आपल्या सैनिकांचं स्मारक बांधलं, त्यांच्या कमिटीनं हा सांगाडा उचलून माझ्या दारात आणून टाकला. कमिटीचे अध्यक्ष माने सर, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचं म्हणणं असं, की ट्रक एकदाच स्वतःच्या इंजिनावर शाळेपर्यंत येऊ दे, मग तो तिथल्या चौथऱ्यावर कायमचा चढेल.

सुभेदार लवटे त्याच गावचे. वय अठ्ठ्याहत्तर. मेंढरं राखता राखता फौजेत भरती झाले आणि सगळी नोकरी असलाच ट्रक चालवण्यात गेली. डॉक्टरचा दाखला आणून त्यांनी कमिटीपुढं ठेवला आणि म्हणाले, "हिला चौथऱ्यावर मीच नेनार. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय."

इंजिनाचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. जीव खाल्ला तो मास्टर सिलिंडरनं. तुम्ही ब्रेकचं पेडल दाबता तेव्हा खालच्या एका नळकांड्यात दट्ट्या सरकतो आणि पाइपातलं ऑइल चाकांपर्यंत ढकलतो. ते नळकांडं म्हणजे मास्टर सिलिंडर. दट्ट्यावर दोन रबरं असतात, वाटीच्या आकाराची. ती धड असली तर ब्रेक धड. चाकांतली रबरं आजही बाजारात मिळतात, दुसऱ्या गाड्यांची चालतात. मास्टरची मात्र मिळेनात. श्रीपूरच्या बाजूला कारखान्यांच्या भंगारात हिंडलो, जुन्या बोअरच्या गाड्यांखाली शिरलो. तीन महिने गेले. शेवटी सोलापुरातच, जुन्या स्पेअरचं दुकान असलेल्या इस्माईलभाईंच्या माळ्यावर सीलबंद पाकीट सापडलं.

"दोच पाकिटां थे मियाँ," ते म्हणाले. "एक करकंब का सोपान ले को गया. उसके पास बी ऐसीच गाडी है, पानी का टँकर. ये आखरी तुमारा."

रबरं बसवली, ब्रेक लागले. त्या आठवड्यात सुभेदार शुक्रवार पेठेत मुलीकडे मुक्कामाला आले. रोज सकाळी आठला गॅरेजात हजर. ट्रकभोवती एक फेरी मारायची, टायर दाबायचे, पाणी बघायचं, बेल्ट बघायचा, पायाखालचा पत्रा उचलून ब्रेक ऑइल बघायचं. फौजेत याला 'फर्स्ट परेड' म्हणतात. गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरनं तिची तपासणी घ्यायची, मग ती काल रात्री का तपासलेली असेना.

"सुभेदार, गाडी काय सॅल्यूट मारणार आहे का तुम्हाला?" मी चिडवायचो.

"मारंल की. एक दिस न्हाय बगितलं, तर मातुर मारनार न्हाय."

तर आम्ही पुलावर अडकलो होतो. पेडल वर आलं तरी ब्रेक सुटत नाहीत, म्हणजे पाइपात कोंडलेलं ऑइल परत येत नाही. उपाय एकच. गाडीखाली शिरून मास्टर सिलिंडरवरचा पाइपचा नट ढिला करायचा. दाब निघाला की चारही चाकं सुटतात. आता गाडी चढावर उभी, आणि चाकं सुटताच ती मागे येणार. हँडब्रेक होता, पण त्याच्या पट्टीचे दात झिजलेले. हातानं ओढून धरला तरच तो धरायचा. ट्रॅक्टरवाल्यानं एक दगड आणून मागच्या चाकाला लावला. दुसरा दगड मिळाला नाही.

"मी खाली जातोय," मी म्हणालो. "हँडब्रेक सोडू नका."

"मी हाय," सुभेदार म्हणाले. "तुमी करा."

मी पाठीवर सरकत खाली गेलो. नटाला पाना लावला, अर्धा आटा फिरवला. ऑइलची चिळकांडी गालावर आली. चाकं सुटल्याचा आवाज आला, ट्रक वीतभर मागे आला, दगड करकरला आणि बाजूला उडाला. त्या क्षणी माझ्या डोक्यात बायको आली नाही, पोरं आली नाहीत. हँडब्रेकची ती झिजलेली पट्टी आली. ट्रक थांबला. वरून सुभेदारांचा दम लागलेला आवाज आला, "हाय मी, हाय!"

नट आवळून बाहेर आलो तेव्हा ते दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढून धरून बसले होते. हातांच्या शिरा फुगल्या होत्या. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला फारसा पाय न लावता, आम्ही कसेबसे गॅरेजला परतलो.

तिथं माने सर येऊन बसले होते. दोन ट्रकमालक गिऱ्हाइकंही होती. मी मास्टर सिलिंडर उघडला. रबरं फुगून लिबलिबीत झाली होती. या नळकांड्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, पाय काढला की ऑइल त्यातून परत येतं. फुगलेल्या रबरानं ते बुजवलं होतं. ब्रेकच्या रबराला ब्रेक ऑइलच चालतं. दुसरं कुठलंही तेल लागलं की ते असं फुगतं. मी ऑइल बोटावर घेऊन वास घेतला. त्यात दुसरं काहीतरी होतं.

"यात कोणी काय ओतलं?"

"परवा पातळी कमी दिसली," सुभेदार म्हणाले. "मी टाकलं थोडं. फळीवरच्या डब्यातलं. ब्रेक ऑइलच की."

माझं डोकं फिरलं. तीन महिन्यांची वणवण, पुलावरचा तो क्षण, सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. "तुम्हाला दिसतं का धड? डबा वाचता येतो का? कोणी सांगितलं होतं हात घालायला? मेलो असतो मी आज! आणि परवा त्या पोरांच्या अंगावर घातली असती गाडी!"

सुभेदारांनी मान खाली घातली. खिशातून किल्ली काढून त्यांनी ट्रकच्या मडगार्डवर ठेवली.

"चूक झाली," ते म्हणाले. "सर, दुसरा ड्रायव्हर बगा."

माने सर म्हणाले, "बघतो," आणि दोघंही गेले.

तासाभरानं जॅक लावायला घेतला. त्यात तेल कमी होतं म्हणून मी फळीवर हात घातला आणि नेहमीचा डबा उचलला. झाकण काढताना नजर लेबलवर गेली. ब्रेक ऑइल, मोठ्या अक्षरात.

डबा माझाच होता. दिवाळीच्या आसपास तो रिकामा झाला, टाकवेना म्हणून मी त्यात जॅकचं तेल भरून ठेवलं होतं. आमच्याकडे कुठलाच डबा वाया जात नाही. कशात काय आहे ते मला माहीत असतं, म्हणून कधी लिहिलं नाही. सुभेदारांनी लेबल नीट वाचलं होतं. त्यांना धड दिसत होतं आणि धड वाचताही येत होतं.

खरं सांगतो, पहिला विचार आला की कोणाला कळणार आहे? गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू शाबूत होती. म्हाताऱ्यानं तर कबूलही केलं होतं.

पंचवीसला सकाळी करकंब गाठलं. सोपान टँकर धूत होता. माणूस चाळिशीचा, बोलायला तुटक. इस्माईलभाईंकडून मी नेलेली रबरं गेल्याचं सांगून त्याच्याकडचं पाकीट मागितलं.

"पाकीट हाय, पण देनार न्हाय," तो म्हणाला. "माझा मास्टर गेला तर मी कुटं जाऊ?"

"उद्या गाडी चालायचीय. गावच्या स्मारकाची आहे."

"तुमी पन त्येच पाकीट नेलतं की. तुमची कशानं गेली? माल खराब हाय का?"

माल खराब होता म्हटलं असतं, तर त्यानं पाकीट कदाचित फेकूनच दिलं असतं माझ्याकडे. जीभ तिकडं वळलीही होती. "माल चांगला होता," मी म्हणालो. "मी ब्रेक ऑइलच्या डब्यात जॅकचं तेल भरून ठेवलं होतं. गाडीत ते गेलं."

"तुमी? ब्रेकचे बनसोडे तुमीच न्हवं?"

"मीच."

त्यानं पाइप खाली टाकला आणि पोट धरून हसला. मग घरात जाऊन पाकीट घेऊन आला. "न्या. माजा मास्टर गेला तर हितं येऊन तुमीच करायचा. आन् तेल मी आननार."

दुपारपर्यंत पाइप धुऊन काढले, चाकांची रबरंही बदलली, मास्टर जोडला. हँडब्रेकची पट्टी लेथवाल्यानं नवी करून दिली. संध्याकाळी डबा पिशवीत घालून शुक्रवार पेठेत गेलो. सुभेदार खाटेवर बसले होते. मी डबा पुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. माफी मागितली.

त्यांनी झाकण काढून वास घेतला. "वास घ्याला शिकवलं हुतं आमाला," ते म्हणाले. "मी त्यो घेतला न्हाय. माजी बी चूक हाय."

"उद्या चला."

"तुमी ओरडला चार मानसांत, आन् माफी मागताय घरात," ते शांतपणे म्हणाले. "माने सरानं दुसरा ड्रायव्हर ठरवलाय. त्येला कोन सांगनार?"

मी डबा परत पिशवीत घातला.

सव्वीसला सकाळी वेशीत सगळा गाव जमला होता. पहाटेच मी ट्रक तिथं आणून लावला होता आणि किल्ली माने सरांकडे दिली होती. माझ्या गिऱ्हाइकांपैकी चार ट्रकमालक त्याच गावचे, तेही होते. उसाच्या गाडीवरचा एक तरणा ड्रायव्हर केबिनमध्ये बसायला निघाला होता. सुभेदार बिल्ले लावून, पण गर्दीत मागे उभे होते. वेशीपासून शाळेपर्यंत रस्ता उतरत जात होता आणि दोन्ही कडांना पोरं झेंडे घेऊन उभी होती.

मी पिशवीतून डबा काढला आणि मोठ्यानं बोललो. "सर, चूक सुभेदारांची नाही. या डब्यात जॅकचं तेल मी भरलं होतं. त्यांनी लेबल वाचूनच ओतलं. मी चुकीच्या माणसावर ओरडलो."

ट्रकमालकांनी एकमेकांकडे बघितलं. माने सर म्हणाले, "ते ठीक, बनसोडे. पण वय झालंय त्यांचं. आणि ही उतरण. पोरं आहेत. जबाबदारी कोण घेणार?"

"मी गाडीच्या पुढं चालतो," मी म्हणालो. "शाळेपर्यंत."

सरांनी किल्ली सुभेदारांच्या हातात दिली. त्यांनी आधी फर्स्ट परेड केली. सगळा गाव ताटकळत उभा, आणि हे टायर दाबतायत. ब्रेक ऑइलचं झाकण काढून वास घेतला, मग मला बोलावून मलाही घ्यायला लावला.

मी पुढं चालू लागलो. पाठीमागे तीन टनांचं लोखंड उतरणीला लागलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. इंजिनाचा आवाज जवळ यायचा, ब्रेक लागायचा, आवाज मागे राहायचा. दर वेळी मी पुढचा आवाज ऐकायचो, पाय काढल्यावर चाकं सुटल्याचा. सुटत होती. निम्म्या उतारावर एका लहानग्या पोरीचा झेंडा उडून रस्त्यात आला आणि ती त्याच्यामागे धावली. मी ओरडायच्या आधी ट्रक थांबला होता. तिनं झेंडा उचलला, कडेला गेली, आणि ट्रक पुन्हा गुपचूप चालू लागला.

चौथऱ्यावर गाडी चढली. सुभेदारांनी इंजिन बंद केलं. टाळ्या चालू असतानाच ते खाली उतरले आणि चारही चाकांना हात लावत एक फेरी मारून आले. याला 'लास्ट परेड' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

"गार हायत," ते मला म्हणाले. म्हणजे ब्रेक कुठंच चिकटून राहिला नव्हता.

चारपैकी दोन ट्रकमालकांनी नंतर गॅरेज बदललं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे आता डबा रिकामा झाला की आधी हातोड्यानं चपटा होतो, मगच बाकीचं काम. तो एक डबा तेवढा सुभेदारांनी मागून नेला होता. महिन्याभरानं परत पाठवला. लेबल खरवडून काढलेलं, आणि वर पांढऱ्या रंगानं, फौजेच्या गाडीवर नंबर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत: जॅकचं तेल. बनसोडे.