विहिरीकडून आलेली हाक

भूत, लागीर, बाहेरचं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर त्याचं सरबत करून पिईन, अशी बाई आहे मी. तरी इथे लिहितेय, कारण हे गावात कोणाला सांगितलं तर माझ्या बहिणीच्या गोळ्या बंद होतील. आणि ते मी होऊ देणार नाही. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

मी अमरावतीला राहते, नांदगाव पेठेत एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. ताईला अकोल्याजवळच्या एका गावात दिलंय. नाव सांगत नाही. आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या रोज पेपरात यायच्या, तीच ती वर्षं. त्यातल्याच एका पावसाळ्यात भाऊजी वावरात साप चावून गेले. चौकशीला सरकारी माणसं आली, पण ही आत्महत्या नाही एवढं कळल्याबरोबर चहा न पिताच उठली. म्हणजे या मरणाचं दुःख धरायचंच नाही? माझं डोकं आजही तापतं.

ताईला कोणी धड रडूही दिलं नाही. तेरवी झाली आणि सगळे म्हणायला लागले, "पुरे झालं वं आता, कामाले लाग." ती लागली. निंदण, धुणं, ढोरं... सगळं मुकाट्यानं. मग हळूहळू जेवण सुटलं. केस विंचरणं सुटलं. हरभरा सोंगायला आला तोवर ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागली होती. मी विचारलं तर म्हणाली, "काईच वाटत नाई वं मले. आता रडूबी येत नाई." ही माझी ताई! वरातीत बँडवाल्याला गाणी बदलायला लावणारी!

आणि मग तिला हाक ऐकू यायला लागली. ती बारावी शिकलेली म्हणून भाऊजी तिला 'मास्तरीण' म्हणून चिडवायचे. विहिरीवर मोटर चालू करायला गेले की तिथूनच ओरडायचे — "ओ मास्तरीण, ये वं इकडे!" तीच हाक, भर दुपारी, विहिरीकडून. ती उठून चालायला लागायची. दोनदा लोकांनी तिला काठावरून मागे ओढलं.

यावर तिच्या सासूनं काय करावं? देवऋषी आणला. "नवरा ओढून राहिला इले," असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं आणि कडुलिंबाच्या फोकानं तिला झोडपलं. तिच्या पाठीवरचे वळ मी बघितले. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे छापण्याजोगं नाही. ताईला उचललं आणि अकोल्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दुःख म्हणजे आजार नाही. पण ते महिनोन्महिने आतच राहिलं, माणूस एकटा पडला, तर त्यातून डिप्रेशन येऊ शकतं. कधी कधी आवाजही ऐकू येतात. औषधानं आणि बोलण्यानं फरक पडतो. बाहेर बाकावर सासूबाई पुटपुटत होत्या, "गोळ्या देऊ देऊ पोरीले येडी करतीन हे."

मग दर रविवारी मी एसटीनं जायची — गोळ्या पोटात जातात की उकिरड्यावर, ते बघायला. फरक पडायला वेळ लागला. एकदा ताई माझ्यावर खेकसली, "वरणात मीठ टाकलं का नाई तू?" मी मोरीत जाऊन रडून घेतलं. आनंदानं!

कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात — वावरात कापसाच्या झाडाची पूजा करून दहीभात शिंपडायचा, मग वेचायला हात लावायचा. घरची सवाष्ण करते. सासूबाई म्हणाल्या, "थोरली सून करीन. इचा हात कसा चालन?"

"काहून नाही चालणार?" मी भडकले. "वावर तिच्या नवऱ्याचं, निंदलं तिनं, अन् दही थोरलीच्या हातचं? कापूस विचारतो का, तुझा नवरा आहे म्हणून?"

थोरली रुसून घरी बसली. ताई, सासूबाई आणि मी, आम्ही तिघी वावरात गेलो. सकाळचं लख्ख ऊन. ताईनं पूजा केली, दहीभात घेतला आणि शिंपडायला लागली. तेवढ्यात...

"ओ मास्तरीण, ये वं इकडे!"

विहिरीकडून. भाऊजींचाच आवाज, जरासा घोगरा, शेवटी चढणारा. मी गर्रकन वळले. विहिरीवर कोणी नव्हतं. आजूबाजूच्या वावरांत चिटपाखरू नव्हतं.

ताई? ती शांतपणे पुढच्या झाडावर दहीभात टाकत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून वं, अशी काहून पाहून राहिली?"

"काही नाही," मी कसंबसं म्हटलं.

मग सासूबाईंकडे बघितलं. हातातला तांब्या खाली पडला होता. नजर विहिरीवर खिळली होती. त्यांच्या पोटच्या पोराचा आवाज होता तो. मला वाटलं, संपलं! आता ही बाई गाव गोळा करणार, देवऋषी येणार, ताई पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करणार. मी भांडायला पदर खोचला.

सासूबाईंनी डोळे पुसले. चालत ताईपाशी गेल्या आणि विहिरीकडे पाठ करून, तिला विहीर दिसणार नाही अशा उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चाल वं पोरी, घरी. सकायची गोळी घ्याची राह्यली तुई."

त्या बाईलाही मुलगा गेला होता, आणि तिलाही कोणी रडू दिलं नव्हतं... हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, दुःखात असं होतं. "दोघींना? एकाच वेळी?" तर ते पेनाचं टोपण लावत बसले. सासूबाई आणि मी त्यावर एक अक्षर बोललेलो नाही. ताई बरी आहे.

भाऊजी, ते तुम्हीच होतात का, मला माहीत नाही. असाल तर ऐका. माझा तुमच्यावर फार जीव होता, पण तिला पुन्हा बोलवायचं नाही. फारच एकटं वाटलं तर मला बोलवा. मी येते भांडायला.