परत आणलेलं विमान

माझे पती गेल्यानंतरची ही पहिली संक्रांत. सकाळपासून गच्च्यांवर पतंग कापल्याचं ‘ओ काट!’ चालू आहे आणि समोरच्या तारेवर एक जांभळा पतंग अडकून फडफडतो आहे. शेजारणीला वाटलं, पतंग पाहून मला त्रास होत असेल. तिनं खिडकी लावून घेऊ का, असं विचारलं. मी नको म्हटलं. मला पतंग आठवत नव्हते. आठवत होतं ते हिरव्या पडद्यावरचं एक विमान, आणि ते खाली येत असताना मी मोठ्यानं वाचलेले आकडे.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. माझ्या पतींना काचबिंदू झाला होता आणि तो कळेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची, तीही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. या दुखण्यात नजर कडेकडेनं जाते. समोरचं दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं. ताटातली भाजी त्यांना दिसायची, शेजारची वाटी दिसायची नाही. सायकल त्यांनी स्वतःहून सोडली. मात्र रस्त्यात मी हात धरला की झटकून टाकायचे.

“मी काय आंधळा झालो का वं? चाल तू पुढं.”

मग मी पुढे चालायची, मागे त्यांच्या चपलांचा आवाज येतो आहे ना, हे ऐकत.

वर्तमानपत्र मात्र ते माझ्याकडून वाचून घेत. मी शाळेत मराठी शिकवत असल्यामुळे वाचणं हा माझा धंदाच आहे, त्यात मदत कसली, असा त्यांचा हिशेब असावा.

त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नागपुरात धरमपेठेत कॉम्प्युटरचा क्लास काढला. तेव्हा तो तिशीतला, टक्कल पडू लागलेला गृहस्थ होता, पण मला पाहिलं की अजून उभा राहायचा. यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर येणार अशी कुजबुज होती, म्हणून एका रविवारी आम्ही ते यंत्र बघायला गेलो. चपला बाहेर काढून, काचेचं दार लोटून आत. देवघरासारखी थंडगार खोली. विद्यार्थ्यानं हिशेबाचं काहीतरी दाखवलं, तेव्हा यांनी जांभई दिली. मग त्यानं हळूच दुसरी फ्लॉपी घातली. दुसऱ्या महायुद्धाचा खेळ होता. आपण इंग्रजांच्या स्पिटफायर विमानात बसायचं आणि समुद्रावरून येणारी जर्मन विमानं पाडायची. पडदा एकरंगी असल्यामुळे समुद्र, आकाश, शत्रू, सगळं हिरव्या रेघांचं होतं.

“काका, बसा. एक सांगतो, वर जायचं म्हणून वरचं बटन दाबू नका. मी पंधरा दिवस समुद्रात पडून राहिलो होतो.”

यांनी तोवर खालचं बटन दाबलं होतं आणि विमान वर चाललं होतं.

“दोर आपल्याकडे ओढला की पतंग वर जाते,” ते म्हणाले, “हे काय सांगा लागते का?”

हातमागाच्या घरात, जुन्या नागपुरातल्या महाल भागातल्या एका गल्लीत ते वाढले होते. घरचं सूत, घरी कुटलेली काच, घरीच केलेला मांजा. लग्नानंतरही संक्रांतीला ते गच्चीवरून जेवायला खाली यायचे नाहीत. ती सगळी विद्या त्यांनी त्या खुर्चीत बसून बाहेर काढली. मागे शत्रू लागला की इतर लोक घाबरून वेग वाढवायचे. हे ढील द्यायचे. वेग एकदम कमी केला की मागचं विमान भरकन पुढे निघून जाई आणि नेमकं यांच्या नळीत, बंदुकीच्या चौकटीत येई. मग एकच खेच. शत्रू पेटला की हे खुर्चीतून अर्धे उठून ओरडत, “ओ काट!” तो विद्यार्थी टाळ्या वाजवी आणि मी दाराकडे बघे, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. लढाई ते बहुधा जिंकत. पण परत येऊन धावपट्टीवर उतरणं त्यांना एकदाही जमलं नाही. उतरताना उंची आणि वेग यांचे आकडे बघावे लागतात, आणि ते पडद्याच्या तळाशी असत. चौकटीतला शत्रू त्यांना दिसे. ते आकडे त्यांच्या नळीच्या बाहेर राहत.

घरी येताना एकदा ते म्हणाले, “आमच्यात पतंग कोणी परत आणत नव्हतं. दिवस मावळला की दोर हातानं तोडून द्यायचा. गुंडाळून खाली घेतली म्हणजे तो भेला, भित्रा म्हणत.” थोडं चालून पुन्हा म्हणाले, “कापणं येते मले. परत येणं नाही येत. डोळे आहेत तोवर तेवढं एक शिकून घ्याचं आहे.”

पुढच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “मी वाचते.” त्यांनी नाही म्हटलं नाही. वर्तमानपत्रासारखंच हेही वाचणं होतं.

मी वाचू लागले, “आता आपली उंची आहे आठशे चाळीस फूट, आणि वेग...” तोवर आम्ही समुद्रात होतो.

“काय कथा सांगून राहिली वं? आकडा टाक फक्त.”

“वर्गातपण असंच होतं काका,” विद्यार्थी म्हणाला. “मॅडमचं वाक्य संपायच्या आत घंटा व्हायची.”

मी तोकडं वाचायला शिकले. आयुष्यभर मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर द्या म्हणणारी मी, ‘तीनशे, अडीचशे, नाक वर’ असं बोलू लागले. एकदा आम्ही धावपट्टीशेजारच्या शेतात आपटलो. एकदा मी वेगाचा आकडा उंची म्हणून वाचला. आणि एकदा, सगळं जुळून आलेलं असताना, मी ‘चाळीस’ म्हटलं आणि पडदा काळा झाला. वरचा पंखा गरगरत हळूहळू थांबला.

“लाइन गेली,” विद्यार्थी म्हणाला.

“जर्मनीनं नाही पाडलं,” हे म्हणाले, “वायरमननं पाडलं.” आम्ही तिघंही खूप हसलो. हसणं ओसरल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

थंडी सरत आली होती. एका रविवारी शत्रू चौकटीच्या जरा डावीकडे, जवळजवळ मध्यावर होता आणि हे म्हणाले, “कुठं गेला तो?” विद्यार्थ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही आमची ती शांतता ऐकली असावी, कारण लगेच म्हणाले, “चाल, आज उतरवू.”

त्या दिवशी त्यांनी परतीची वाट धरली तेव्हा एक विमान मागे लागलं. पडदा गोळ्यांनी लकाकत होता.

“काका, मागं आहे! ढील द्या, कापून टाका त्याला!” विद्यार्थी ओरडला.

त्यांचं बोट वेगाच्या बटनावर गेलं आणि तिथेच थांबलं. “धावपट्टी कुठं आहे?” त्यांनी मला विचारलं.

“अगदी समोर.”

“मग राहू दे त्याले,” ते त्या विद्यार्थ्याला म्हणाले. “दिवस मावळला गा. गुंडाळतो आता.”

मी वाचत गेले. चारशे. तीनशे. डावीकडे थोडं. पुरे. दोनशे. नाक वर. शंभर. त्यांची मान पडद्याकडे नव्हती, माझ्याकडे कललेली होती, रोज सकाळी बातम्या ऐकताना कलायची तशी. साठ. चाळीसला विद्यार्थ्यानं वर पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. वीस. दहा. यंत्रातून ‘धप्’ असा आवाज आला आणि हिरव्या रेघा सरकायच्या थांबल्या.

“काहून चूप झाली? सांग.”

“शून्य.”

“आखीन एकदा सांग.”

“शून्य,” मी म्हटलं. “उभं आहे.”

ते ओरडले नाहीत. बटनावरचं बोट उचलायलाही त्यांना वेळ लागला. विद्यार्थी म्हणाला, आणखी एक डाव होऊ द्या. ते म्हणाले, नको.

बाहेर येऊन चपला घातल्यावर, त्यांनी उजवा कोपर थोडा माझ्याकडे केला. मी तो धरला. तीन पायऱ्या होत्या, आणि खाली कोणाची तरी स्कूटर आडवी लावलेली.

“वाच,” ते म्हणाले.

नजर पुढच्या दिवाळीच्या आत पूर्ण गेली. त्यानंतर ते बरीच वर्षं होते आणि मी नागपूरचे रस्ते त्यांना आकड्यांसारखे तोकडे वाचून दाखवले: नाली, गाय, पायरी, उतार. तेव्हाही ते चिडायचे, हात मात्र झटकायचे नाहीत.

आता मी एकटीच दूध आणायला खाली उतरते. पहिली पायरी आली की अजून तोंडातून निघून जातं, “पायरी.” मग मी उतरते.