शिपायाचं डोकं

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी फ्रान्समधल्या व्हालाँसमध्ये ज्या घरात स्विस नाही, ते घर सुतकात आहे असं खुशाल समजावं. स्विस म्हणजे टोपी, मिशा, बटणांसकट भाजलेला बिस्किटाचा शिपाई. संत्र्याच्या सालीच्या वासाचा. आमचे शेजारी एमिल्याँ ब्रोशिए यांच्या घरी त्याचं डोकं परीक्षा असणाऱ्याला मिळतं. याच डोक्यांच्या जोरावर त्यांची नात क्लेमाँस विद्यापीठात कायद्याच्या पहिल्या वर्षापर्यंत पोचली होती. आता मंगळवारी तोंडी परीक्षा होती आणि पोरीची झोप उडाली होती.

नेमकं त्या वर्षीचं डोकं एमिल्याँनी खाल्लं.

खायचं नव्हतंच हो त्यांना. डॉक्टरांनी साखर तोडलेली. पण सगळे चर्चला गेले आणि मांजराला दुधाच्या राखणीला ठेवावं तसं यांना स्विसपाशी ठेवलं. टोपीचा काठ जरा करपला होता, तो त्यांनी सारखा केला. मग उरलेली टोपी वाकडी दिसायला लागली. मिशांपर्यंत पोचल्यावर मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

भानावर आले तसे सपातांवरच बेकरीत धावले. मोठे स्विस संपलेले, पोरांसाठीचा चिमुकला एक शिल्लक. घरी आणून त्यांनी त्याची मान मोडली आणि मुंडकं पाकाने मोठ्या धडावर चिकटवलं.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला. टेबलावर शिपाई आला तो छातीने पहिलवान आणि डोक्याने तान्हं बाळ. त्यांची मुलगी, क्लेमाँसची आई सोलाँज एवढंच म्हणाली, की बेकरीवाल्याने यंदा पिठात काटकसर केलेली दिसते. चीज भरलेली राव्हिओल एमिल्याँचा जीव की प्राण, पण आज ती ते ताटात नुसती इकडून तिकडे सरकवत होते.

क्लेमाँसने डोकं उचललं, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"नको खाऊस, बाळ. ते खोटं आहे. खरं मी खाल्लं."

"कधी?"

"तुम्ही प्रार्थना करत होतात तेव्हा."

सोलाँजने साखर, डॉक्टर आणि गेलेली आई, तिघांच्या वतीने बापाला झाडलं. क्लेमाँसचे डोळे भरून आले होते. तिने ते चिमुकलं डोकं परत धडावर ठेवलं.

"म्हणजे खरं डोकं आता तुमच्या पोटात आहे ना, आजोबा? मग मंगळवारी तुम्हीच चला."

मंगळवारी मिस्त्राल वारा असा सुटला होता, की झाडं दक्षिणेकडे ओणवी झालेली. विद्यापीठाच्या बाकावर एमिल्याँ एक हात टोपीवर, एक पोटावर ठेवून बसून राहिले.

बाहेर येऊन क्लेमाँस म्हणाली, "बरी गेली."

"बरी म्हणजे टोपीपुरती, की मिशांपर्यंत?"

ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. एमिल्याँ मात्र हसले नाहीत. तिला घेऊन ते लांबच्या रस्त्याने घरी आले. जवळच्या रस्त्यावर बेकरी लागते.