केबल नसलेलं पेडल

मी आयुष्यभर ट्रकखाली लोळलेला मिस्त्री. पेडल म्हटलं की मला केबल दिसते: इकडे पाय दाबला, तिकडे इंजिन ओढलं. म्हणून कोन गावच्या शेठची हायब्रीड गाडी बिघडून माझ्या भिवंडीच्या गॅरेजात आली, तेव्हा मी पेडलखाली डोकं घालून केबल शोधत बसलो. केबल नव्हतीच. सहा बारीक वायरी तेवढ्या.

गाडी तशी ओळखीची. दसऱ्याला तिची पूजा माझ्याच दारात झाली होती. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत ती शेलार गावाजवळ तीनदा अडकली. पाय दाबलेला, पण गाडी सरकत नाही. आता सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं हाच जिचा गुण, तिचा बिघाड ओळखायचा तरी कसा? शेठने ओळखला होता.

"याचा पायच जड हाय. नाजूक मशीनची वाट लावली. मिस्त्री, आज दुसरं काय निघालं न्हाय, तर उद्यापासून याला गाडी न्हाय."

'हा' म्हणजे त्याचा ड्रायव्हर, गावचाच, दोन लेकरांचा बाप. दारात अनवाणी उभा होता. पाय हलका पडावा म्हणून चार दिवस चपला काढूनच गाडी चालवत होता. "काका, मी जोर न्हाय दिला," एवढंच म्हणाला.

मी ठाण्याच्या एका जाणत्या वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय किती दाबलाय ते दोघं वेगवेगळं कंप्युटरला सांगतात. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत, की कंप्युटर गाडीचा जोरच काढून घेतो. मला हे भलतंच आवडलं. पायाचीसुद्धा उलटतपासणी!

चावी ऑन करून मीटर लावला. ड्रायव्हरला म्हटलं, पेडल हळूहळू दाब. पहिल्या सेन्सरचा काटा शिस्तीत चढला. दुसऱ्याचा अर्ध्यावर कोसळला, थरथरला, पुन्हा वर आला. पाय तोच, दाब तोच.

सेन्सर मेला असं धरून मी कनेक्टर उपटला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, त्यांच्याभोवती चिकट लाल खपली. नखाने खरवडून वास घेतला. खवट खोबऱ्याचा होता.

माझे हात थांबले. दसऱ्याला पेडलवर कुंकवाची बोटं ओढून करवंटीतलं पाणी वरून मीच ओतलं होतं. ट्रकच्या पेडलला मी दरवर्षी तशीच आंघोळ घालतो, पाणी खाली गळून जातं. इथे ते कनेक्टरमध्ये मुरलं होतं.

क्षणभर वाटलं, फडक्याने पुसावं आणि वायर लूज होती म्हणावं. पण मग शेठ म्हणाला असता, याच्याच पायाने हलली असेल.

मी पिना तशाच ठेवल्या आणि शेठला आत वाकायला लावलं.

"शेठ, ह्याच्या पायाने नाही बिघडली. माझ्या हाताने बिघडली. हे दसऱ्याचं नारळपाणी."

शेठने ती लाल खपली बोटाने चाचपली. "मीच बोललो होतो, भरपूर ओत," तो पुटपुटला. मला लाज वाटत होती, आणि हायसंही.

पिनांवर स्प्रे मारला, ब्रशने घासल्या, नीट सुकवल्या. आता दुसरा काटाही पहिल्यासारखा मुकाट चढला. शेठने चावी ड्रायव्हरच्या हातात दिली. आधी त्याने चपला घातल्या, मग गाडीत बसला.