आकाश राहून गेलेली चिठ्ठी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना सगळे वरखालीकाका म्हणतात. दर नाताळला घरातला जो तो आपली भेटवस्तू घेऊन आपापल्या खोलीत जाई, याचं त्यांना वाईट वाटे. म्हणून यंदा त्यांनी नुसती चिठ्ठी ठेवली: ‘वस्तू नाहीत. सगळ्यांनी मिळून पाळणा!’ घाईत ‘आकाश’ लिहायचं राहिलं.

काकूंनी चिठ्ठी वाचून सुनेला मिठीच मारली. “अगं लबाडे, बोलली नाहीस ती!”

“अहो, बागेतला आकाशपाळणा!” काका ओरडले. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

सून मात्र लाजली. “बाबा, तुम्ही बसा. मी खालून हात करीन. आईंनी बरोबरच वाचलंय.”

संध्याकाळी आकाशपाळण्यात कोणीच बसलं नाही. सगळे तिच्याभोवती उभे राहून पाळण्यातल्या अनोळखी लोकांना हात करत होते.